भेगांचा हिशेब

१८५६ मध्ये फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्याचे प्रयोग आहेत: वरून पाणी सोडायचं, खाली किती पडतं ते मोजायचं. दोन टोकांच्या पाणीपातळीत फरक जितका जास्त तितका प्रवाह जास्त, वाळूचा थर जितका जाड तितका कमी. भूजलाचं आणि तेलसाठ्यांचं पुढचं बरंचसं गणित एवढ्यावर उभं राहिलं.

वाळूची कुठलीही मूठ उचला, बाकीच्या वाळूसारखीच असते. म्हणून एकेक छिद्र न पाहता सरासरीवर भागतं. भेगाळलेला खडक ही सवलत देत नाही. एक नमुना अखंड दगडाचा निघतो, शेजारचा नेमका भेगेवर पडतो. त्यात भेग म्हणजे दोन समांतर पाट्यांमधली फट असं धरलं, तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १ मिलिमीटरची एक भेग घ्या आणि ०.१ मिलिमीटरच्या दहा. पोकळी तेवढीच, पण एकटी भेग शंभरपट पाणी नेते. (खऱ्या भेगा खडबडीत, जागोजागी टेकलेल्या असतात, घननियमही तिथे जेमतेमच लागू पडतो.)

१९६० मध्ये बॅरनब्लाट, झेल्तॉव्ह आणि कोचिना या सोव्हिएत संशोधकांनी वेगळी वाट काढली. प्रत्येक बिंदूवर एक नव्हे, दोन दाब मानायचे: एक भेगांमधला, दुसरा मधल्या सच्छिद्र ठोकळ्यांमधला. या दोन दाबांत जितका फरक, त्या प्रमाणात द्रव ठोकळ्यांतून भेगांत झिरपणार. साठा ठोकळ्यांत, वाट भेगांतून. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी उडी हीच.

१९६३ मध्ये वॉरेन आणि रूट यांनी ही दोन दाबांची कल्पना तेलविहिरींपर्यंत आणली. त्यांचा खडक साखरेच्या चौकोनी वड्या रचल्यासारखा. आलेखावर वेळ लॉगरिदमच्या (दर पायरीला दसपट वाढणाऱ्या) मापात घेऊन विहिरीतला दाब मांडला, की दोन समांतर रेषा मिळतात. पहिली भेगांची, दुसरी, ठोकळेही साथ द्यायला लागल्यावरची. प्रत्यक्षात पहिली रेषा बऱ्याचदा दिसतच नाही, कारण सुरुवातीला विहिरीच्या पोकळीतलाच द्रव बाहेर येत असतो.

पुढे अणुकचरा ग्रॅनाइटमध्ये पुरायचा विचार सुरू झाला, आणि त्याच्या भेगांतून पाणी कसं वाहतं हे पाहणं भाग पडलं. स्वीडनमधल्या स्ट्रिपा या बंद पडलेल्या लोहखाणीत १९८० च्या दशकात बोगद्याच्या छताला प्लॅस्टिकचे तुकडे लावून ठिबकणारं पाणी गोळा केलं गेलं. बरेच तुकडे कोरडे राहिले. बहुतेक पाणी मोजक्याच तुकड्यांवर जमलं. साखरेच्या वड्यांत हे बसत नव्हतं.

त्याच सुमारास एकेक भेग स्वतंत्रपणे, बहुधा चकतीच्या रूपात मांडणारी जाळ्यांची प्रारूपं पुढे आली. पण जमिनीखालच्या सगळ्या भेगा कुणालाच दिसत नाहीत. दिसतात त्या बोगद्याच्या भिंतीवरच्या आणि वेधनछिद्रांतल्या (खडकात पाडलेल्या अरुंद, खोल भोकांतल्या). त्यांवरून लांबी, दिशा, दाटी यांचं सांख्यिकी वितरण बसवायचं, संगणकाकडून शेकडो काल्पनिक जाळी काढून घ्यायची, प्रत्येकातून पाणी सोडून पाहायचं आणि उत्तरांची पुन्हा सरासरी काढायची.