पल्स ७२ आहे म्हणून बीपी नॉर्मल नसतं हो

बीपीच्या मशीनवर तीन आकडे येतात, वरचा, खालचा आणि पल्स, आणि लोक नेमका तिसरा बघून खूश होतात. १६०/१००, पल्स ७२, "पल्स मस्त आहे की, मग टेन्शन कशाला?" हे ऐकून ऐकून आता माझंच बीपी वाढतं. नाडी म्हणजे हृदयाचे मिनिटाला ठोके, बीपी म्हणजे धमनीच्या भिंतीवरचा रक्ताचा दाब. एवढं सगळ्यांना माहीत असतं, सोडा.

खरा घोळ थोडं वाचलेल्यांचा होतो. त्यांना बॅरोरिफ्लेक्स, म्हणजे प्रेशर बदललं की नाडी आपोआप कमी-जास्त करणारी शरीराची यंत्रणा, माहीत असतो. मानेतल्या धमनीच्या फुगीर भागात (कॅरोटिड सायनस) आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, प्रेशर वाढून भिंत ताणली की मेंदूला खबर जाते, मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह ब्रेक लावते आणि नाडी उतरते. प्रेशर पडलं की उलटं. झोपलेले असताना मनगटावर बोट ठेवा आणि पटकन उभे राहा, अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे उतरतं आणि काही सेकंदांत बोटाखाली ठोके भरभर लागायला लागतात, मिनिटाला १०-१५ ने जास्त. इथपर्यंत सगळं बरोबर. मग प्रश्न येतो, "बीपी हाय असेल तर माझी नाडी कमी का नाही झाली? मशीनच खोटं असणार."

मशीन खोटं नाही. हा रिफ्लेक्स प्रेशर किती बदललं यावर भांडतो, मुळात किती आहे यावर नाही. प्रेशर वर जाऊन तिथेच बसलं की एक-दोन दिवसांत तो त्यालाच नॉर्मल धरायला लागतो. गेटवरच्या वॉचमनसारखं, नवा माणूस आला की अडवणार, तोच रोज यायला लागला की सलाम ठोकणार. एवढंच नाही, १६० वर रुळलेला रिफ्लेक्स प्रेशर झटकन खाली आलं तर उलट नाडी वाढवून ते परत वर ढकलायला बघतो. काउली, गायटन वगैरे संशोधकांनी १९७३ साली कुत्र्यांमध्ये ही खबर मेंदूला नेणाऱ्या नर्व्ह तोडून बघितल्या, प्रेशर दिवसभर उड्या मारत राहिलं पण सरासरी जवळपास होती तिथेच. म्हणजे लांब पल्ल्याचा हिशोब दुसरीकडे होतो, मुख्यतः किडनीत, मीठ आणि पाण्याच्या जमाखर्चावर.

व्यायामात दोन्ही वाढतात, कारण तेवढ्यापुरता रिफ्लेक्सच वरच्या आकड्यावर सेट होतो. यात विशेष काही नाही.

दुसरा वैताग म्हणजे, "उठल्यावर चक्कर येते, म्हणजे बीपी लो झालंय, गोळी बंद." अहो, धमन्या कडक झाल्या की ताणल्या जात नाहीत, रिफ्लेक्स मंदावतो, त्यामुळे बसल्यावर १६० आणि उभं राहिल्यावर अंधारी हे एकाच माणसात असू शकतं. गोळी मनाने बंद करण्यापेक्षा बसून आणि मग उभं राहून ३ मिनिटांत बीपी मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर डॉक्टरांना तेच दाखवा. आणि बीटा-ब्लॉकर चालू असेल तर पल्सवरून अंदाज बांधूच नका, ती गोळीनेच खाली आणलेली असते.