चलन एक, कामधंदे वेगळे: युरोच्या अटींमागची पार्श्वभूमी

कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीहून कागलला गेलं की पाट्यांची भाषा बदलते, खिशातली नोट तीच राहते. घाट उतरून गोव्यात गेलं तर मुक्तीआधीच्या शेवटच्या वर्षांत नोटही बदलायची. तिथे एस्कुदो चालायचा. चलन एक झालं म्हणून दोन मुलखांचे कामधंदे सारखे होतात का, हा प्रश्न सीमाभागाला म्हणूनच परका नाही.

अर्थशास्त्रात तो 1961 मध्ये रॉबर्ट मंडेल यांनी मांडला: धंदा बुडालेल्या भागातले कामगार दुसरीकडे जाऊ शकत असतील तरच एक चलन झेपतं. 1969 मध्ये पीटर केनेन यांनी भर घातली, की ज्या देशात अनेक प्रकारचे उद्योग आहेत त्याला एका धंद्याची मंदी कमी बोचते. युरो या सामाईक चलनाचा पाया घालणाऱ्या 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात मात्र यातलं काहीच अट म्हणून आलं नाही. अटी होत्या महागाई, व्याजदर आणि विनिमय दराच्या. शिवाय सरकारी तूट जीडीपीच्या 3 टक्के आणि सरकारी कर्ज 60 टक्क्यांच्या आत. लोक पोटासाठी काय करतात, हे कुणी विचारलं नाही.

रोजगाराची रचना किती जुळते हे मोजणं सोपं आहे. मानू, एका जिल्ह्यात शेती 50, उद्योग 20, सेवा 30 टक्के. दुसऱ्यात 20, 30, 50. फरक 30, 10 आणि 20. बेरीज 60, तिची निम्मी 30. म्हणजे रचना जुळायला शंभरातल्या तीस जणांनी धंदा बदलायला हवा. गोची होते ती ढोबळ रकान्यांमुळे. निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी घेणारी बाई आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला मोल्डर, दोघंही ‘उद्योगा’तच मोजले जातात. कागदावर जुळणी, पगारात जमीन-अस्मानाचं अंतर!

स्पेनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. जर्मनीची अर्थव्यवस्था थंड होती, म्हणून युरोच्या सगळ्या देशांसाठी एकच व्याजदर ठरवणाऱ्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून 2003 मध्ये तो 2 टक्क्यांवर आणला आणि डिसेंबर 2005 पर्यंत तिथेच ठेवला. स्पेनमध्ये महागाई 3 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे कर्ज फुकटाहून स्वस्त. पैसा घरबांधणीत गेला. 2007 पर्यंत साधारण 13 टक्के कामगार बांधकामावर होते, उत्पन्न युरोपच्या सरासरीजवळ पोचलेलं दिसत होतं. बांधकामही ‘उद्योगा’तच धरलं तर रचनाही बरी वाटायची. मग बांधकाम थांबलं. 2007 मध्ये सुमारे 8 टक्के असलेली बेरोजगारी 2013 मध्ये 26 टक्क्यांवर गेली. पेसेटा हे स्पेनचं जुनं चलन असतं तर अवमूल्यन करून निर्यातीला वाट काढता आली असती.

गरीब सदस्यांसाठी 1994 मध्ये एकसंधता निधी (कोहेजन फंड) उभा राहिला, पण तो रस्ते आणि पर्यावरणाच्या कामांसाठी (म्हणजे पुन्हा बरंचसं बांधकामच). युरोपीय संघाचं एकूण बजेट तिथल्या उत्पन्नाच्या जेमतेम एका टक्क्याएवढं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मुंबईत ठरतो आणि तो पुण्याच्या कारखान्याला नि खानापूरच्या शेतकऱ्याला सारखाच असतो. मात्र वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो आणि खानापूरचा पोरगा भाषेची फारशी अडचण न येता पुण्याला कामाला जातो. स्पेनमधल्या अंदालुसियातल्या गवंड्याला म्युनिकला जाताना व्हिसा लागत नाही, जर्मन लागते.

2023 मध्ये क्रोएशिया युरोत आला. त्याची बरीच भिस्त पर्यटनावर, तरी प्रवेशाच्या अटी त्याच पाच.