शॉर्ट शिफ्टर घेण्याआधी हे वाचा

गिअर ढिला लागतो, दुसरा टाकायला गेलं की चौथा पडतो, म्हणून शॉर्ट शिफ्टर (हात कमी हलवून गिअर टाकता येईल असा लिव्हर) बसवून द्या, असं सांगत पुष्कळ ग्राहक येतात. अशा गाडीचं कन्सोल, म्हणजे लिव्हरभोवतीचं आवरण, उघडलं की बहुतेक वेळा झिजलेला बुश (जोडावरचं छोटं अस्तर) सापडतो. आधी तो बदला, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल सेट करून घ्या आणि आठवडाभर गाडी चालवून बघा. शिफ्टरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि काहींचं समाधान तेवढ्यावरच होतं.

त्यानंतरही हवा असेल, तर त्यामागचं गणित समजून घ्या. गिअर लिव्हर ही तरफ आहे. टेकू वर घेतला किंवा खालचा भाग लांब केला, की नॉब, म्हणजे लिव्हरवरची मूठ, कमी हलवावा लागतो. समजा नॉब आत्ता 120 मिमी सरकतो. 30 टक्के कपात केली तर तो 84 मिमी सरकेल, पण हाताला जोर साधारण 43 टक्के जास्त लागेल. शिवाय गिअर पडण्याआधी सिंक्रोनायझरची (गिअरबॉक्समधला वेग जुळवणारा भाग) पितळी रिंग घासून फिरत्या भागांचा वेग जुळवते. त्याला लागणारा वेळ कुठलाही शिफ्टर वाचवत नाही. घाईने हिसका दिलात तर ती रिंग झिजते, आणि मग गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. म्हणून रोज ट्रॅफिकमधून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला 20 ते 25 टक्क्यांपेक्षा जास्त कपात आम्ही सुचवत नाही. 40 टक्क्यांचा किट रेसच्या ट्रॅकवर शोभतो.

वरचा दांडा नुसता कापून आखूड केलेले स्वस्त शिफ्टर मात्र घेऊच नका. नॉब खाली जातो आणि स्टिअरिंगवरून हात लांब पडतो.

माझदा एमएक्स-5 मध्ये लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसतो. आपल्याकडच्या आय20 एन लाइन किंवा अबार्थ पुंतोसारख्या आडव्या इंजिनच्या गाड्यांत मधे दोन केबल असतात, एक पुढे-मागे आणि दुसरी डावी-उजवीकडे. बरेच किट फक्त पहिलीचीच हालचाल कमी करतात, त्यामुळे कोणती कमी होते ते विचारून घ्या. बुशही धातूचे घातले तर गिअर टणक पडतो, पण इंजिनची झणझण हातात येते. घरच्यांसोबत लांबचा प्रवास करत असाल तर डेल्रिनचे (एक कडक प्लास्टिक) बुश घ्या.

नॉबचा आटा गाडीप्रमाणे बदलतो: होंडाला एम10×1.5 (10 मिमी व्यास, 1.5 मिमी अंतराचे आटे), माझदाला एम10×1.25, टोयोटाला बहुधा एम12×1.25. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल, तर साधा नॉब चालत नाही. जड नॉबने गिअर जास्त सहज सरकतो, कमी खर्चात जाणवणारा हा बदल आम्हाला फार आवडतो. फक्त उन्हात उभ्या गाडीतला स्टीलचा नॉब मे महिन्यात हाताला चटका देतो.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, रिव्हर्ससकट सगळे गिअर आमच्यासमोर टाकून बघा. लिव्हर कन्सोलला कुठे घासत नाही ना, तेही तपासा. साधारण 500 किमीनंतर गाडी परत आणा, बोल्ट आणि केबल पुन्हा बघून देतो. काढलेले मूळ भाग डब्यात घालून तुमच्या हाती देऊ. गाडी विकताना ते लागतात.