कोकम, कोलेस्टेरॉल आणि आगळातलं मीठ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, हृद्य म्हणजे हृदयाला हितकर द्रव्यांचा एक गण (गट) दिला आहे: आंबा, आंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल, अम्लवेतस, दोन प्रकारची बोरं, डाळिंब आणि महाळुंग. सगळी फळं, आणि बहुतेक आंबट. यातलं वृक्षाम्ल म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते आपलं कोकम, गोव्यातलं भिरंड. तोंडाला रुची आणणारं, मन प्रसन्न करणारं द्रव्यही त्या काळी हृद्यच मानलं जाई. त्यामुळे या यादीत धमन्यांतल्या अडथळ्यांवरचा उतारा शोधू नये. तरीही कोकमाच्या सालीत हृदयाच्या दृष्टीने लक्ष द्यावं असं काहीतरी खरोखर आहे.

ते म्हणजे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. कोकमाच्या आंबटपणात याचा वाटा मोठा. यकृताच्या पेशीत चरबी आणि कोलेस्टेरॉल तयार होताना सुरुवातीला सायट्रेटचे तुकडे व्हावे लागतात. ते काम एटीपी सायट्रेट लायेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. कोकमातल्या आम्लाची रचना सायट्रेटसारखीच असल्याने ते या विकरात सायट्रेटची जागा अडवून बसतं आणि पुढची साखळी मंदावते.

हेच विकर रोखणारं एक औषध आज वापरात आहे: बेम्पेडोइक आम्ल. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी नेहमीची औषधं न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे निशाणा बरोबर आहे. पण म्हणून आमसुलाला, म्हणजे वाळवलेल्या कोकमाच्या सालीला, त्या गोळीची जागा देता येत नाही. फळ वाळवताना, तापवताना आणि साठवताना या आम्लाचा काही भाग लॅक्टोन या वेगळ्या रासायनिक रूपात जातो आणि त्या रूपात विकरावरची पकड ढिली पडते. शिवाय पन्ह्याच्या पेल्यात किती आम्ल उतरलं हे दर वेळी वेगळं असतं.

मग हेच आम्ल कॅप्सूलमधून भरपूर घेतलं तर? १९९८ मध्ये १३५ लठ्ठ व्यक्तींवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत रोज दीड ग्रॅम आम्ल देऊनही वजनात नकली गोळीपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. ते आम्ल कोकमाच्या भावंडाचं, केरळच्या कुडमपुळीच्या जातीचं (गार्सिनिया कम्बोजिया) होतं. या गार्सिनिया कॅप्सूलमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. कोकम स्वयंपाकात राहू द्यावं, अर्काच्या गोळ्यांच्या नादी लागू नये.

हृदयरोग्याला खरा धोका मात्र कोकमातून नाही, मिठातून आहे. आगळ म्हणजे कोकमाचा साठवणीचा रस. तो टिकावा म्हणून त्यात साधारण १५ टक्के मीठ घालतात. १५ मिलिलिटरचा एक मोठा चमचा आगळ घेतलं की दोन ते अडीच ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची. दुपारी आगळाचं सरबत आणि रात्री सोलकढी झाली, तर जेवणातलं मीठ धरण्याआधीच मर्यादा जवळजवळ गाठली. रक्तदाब असलेल्या माणसाने ‘हृदयाला चांगलं’ म्हणून रोज आगळ पिणं हे उलट्या दिशेने जाणं आहे. अमृत कोकमात, म्हणजे साखरेच्या पाकातल्या कोकमात, मीठ कमी, पण सालींच्या दुप्पट साखर असते. ३० मिलिलिटर पाकातून सुमारे २५ ग्रॅम साखर जाते.

म्हणून बिनमिठाचं आमसूल घरी करून ठेवावं. एप्रिल-मेमधली पूर्ण लाल, घट्ट फळं धुऊन पुसून घ्यावीत. अर्धी कापून गर आणि बिया काढाव्यात. पाणी न घालता गर चाळणीवर चोळून रस काढावा आणि साली त्यात रात्रभर बुडवाव्यात. दिवसा स्टीलच्या ताटात कडक उन्हात वाळवायच्या, रात्री पुन्हा रसात. असं तीन-चार वेळा करावं. इथे चूक होते ती अशी: मीठ नसल्याने मेच्या उकाड्यात रस आंबतो, फेस येतो. म्हणून रस आणि त्यात बुडवलेल्या साली फ्रिजमध्येच ठेवाव्यात. शेवटी साल चामड्यासारखी लवचीक, दाबल्यावर ओल न सुटणारी व्हायला हवी. वळवाचा पाऊस आला की अर्धवट वाळलेल्या साली बुरशी धरतात. अशा वेळी ड्रायर किंवा मंद ओव्हन वापरावा. तयार आमसूल काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावं. पांढरा थर दिसला तर नीट पाहावं: बाजारच्या आमसुलावर दाणेदार थर असतो तो मिठाचा, लोकरीसारखा कुबट वासाचा असेल तर बुरशी. मग सगळी बरणी टाकून द्यावी, वरवर धुऊन वापरू नये.

पन्ह्यासाठी दोन पेले कोमट पाण्यात सहा-सात आमसुलं तासभर भिजवावीत, हाताने कुस्करून गाळावीत, चिमूटभर जिरेपूड घालावी. आमसुलं खळखळून उकळू नयेत. लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं उष्णतेने मोडतात, तीच ऑक्सिडीकरण रोखणारी आहेत. ॲल्युमिनियमची, पितळेची किंवा कल्हई नसलेली तांब्याची भांडी नकोत, आम्लाने धातू उतरतो.

सोलकढी नारळाच्या दुधामुळे संपृक्त चरबीची होते. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर दाट पहिलं दूध कमी आणि पातळ दुसरं दूध जास्त घ्यावं. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी कोकम घेऊ नये. स्टॅटिन किंवा रक्तदाबाची गोळी कोकमाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये. आणि हृदय कमजोर झाल्याने ज्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं, त्यांनी कोकमाचा पेलाही त्याच मापात धरावा.