‘व्हेरी गुड’चं व्याकरण

‘व्हॉट इज धिस?’
‘धिस इज अ पेन.’
‘व्हेरी गुड. सिट डाउन.’

इंदूरच्या कुठल्याही इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाबाहेर दोन मिनिटं उभं राहिलं की एवढं कानावर पडतंच. शालेय व्याकरणाला यात काही विशेष दिसत नाही. एक प्रश्नार्थी वाक्य, एक विधानार्थी, एक आज्ञार्थी, झालं. पण मॅमच्या हातात पेन आहे आणि ते पेन आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मग त्यांनी विचारलं तरी काय? हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन कढईकडे बोट दाखवत ‘हे काय?’ असं विचारा, आणि गाडीवाला ‘गराडू’ (तळलेला कंद) म्हणाला की त्याला ‘व्हेरी गुड’ म्हणून बघा. अस्सल इंदुरी हिंदीत दोन शब्द ऐकूनच परत याल.

वाक्याचं रूप एक आणि काम दुसरं, ही फट जिथे दिसते तिथून प्रकार्यवादी व्याकरण, म्हणजे वाक्याकडे त्याच्या कामावरून बघणारं व्याकरण, सुरू होतं. मायकेल हॅलिडे (1925–2018) हे या विचाराचं मोठं नाव. मूळचे इंग्लंडचे, सुरुवातीला चिनी भाषेचे शिक्षक, पुढे 1976पासून सिडनी विद्यापीठात. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक वाक्य एकाच वेळी तीन कामं करतं. जगात काय चाललंय ते सांगतं, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात व्यवहार घडवतं आणि मागच्या-पुढच्या बोलण्याशी धागा जुळवतं. वर्गातल्या संवादात खरी गंमत दुसऱ्या कामात आहे.

हॅलिडेंच्या मते बोलताना आपण एक तर काही देतो, नाही तर मागतो. आणि ते ‘काही’ म्हणजे एक तर माहिती, नाही तर वस्तू किंवा कृती. माहिती दिली की विधान, मागितली की प्रश्न. कृती मागितली की आज्ञा, देऊ केली की ‘मी करू का?’ ही चौकट हातात घेऊन वर्गात बसलं की घोटाळे दिसू लागतात. ‘इट्स सो हॉट इन हिअर’ हे दिसायला विधान, पण पहिल्या बाकावरचं पोर उठून पंखा लावतं. ‘हू इज टॉकिंग?’ दिसायला प्रश्न, पण त्याला नाव सांगून उत्तर देणारा मार खाणार!

बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूलथर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून 1975 साली याचा एक नियमच मांडला. त्या क्षणी वर्गात ज्या गोष्टीला मनाई आहे तिचा उल्लेख करणारं विधान किंवा प्रश्न म्हणजे ती थांबवण्याची आज्ञा. त्यांच्याच नोंदींत एक मासलेवाईक प्रसंग आहे. ध्वनिफितीतल्या माणसाचे उच्चार ऐकून एक विद्यार्थी हसतो. शिक्षक विचारतात, ‘कशाला हसतोस?’ उत्तर येतं, ‘काही नाही.’ खरं तर शिक्षकांना त्या उच्चारांवरच चर्चा हवी होती, म्हणजे प्रश्न अगदी खराखुरा होता. पोराच्या कानांनी मात्र सवयीने तो दटावणी म्हणून ऐकला.

याच दोघांनी वर्गातल्या बोलण्याचा तीन पायऱ्यांचा साचा दाखवून दिला: शिक्षकाची सुरुवात, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा. तो तिसरा ‘व्हेरी गुड’ काढून टाका, वर्ग वर्गासारखा वाटत नाही. आणि तीनपैकी मुलाच्या वाट्याला येते ती फक्त मधली पायरी.

माझ्या मते इथेच, प्रश्न विचारायची पाळीच न आल्याने, आपल्या पोरांची इंग्रजी अडते. कशी, ते जवळून बघू. ‘तो आला’चा प्रश्न ‘तो आला का?’ एकही शब्द जागचा हलत नाही. गल्लीतल्या हिंदीतही ‘वो आया’चं ‘वो आया क्या?’ होतं, बाकी सगळं तसंच. इंग्रजीत मात्र कर्ता आणि काळ वाहणारा शब्द यांची अदलाबदल होते: ‘ही इज क्राइंग’, ‘इज ही क्राइंग?’ आणि ‘ही केम’मध्ये तर तो काळ वाहणारा शब्द दिसतच नाही, क्रियापदाच्या पोटात दडलेला असतो. प्रश्न विचारला किंवा नकार दिला की तो ‘डिड’ होऊन बाहेर येतो आणि मागे उरतं नुसतं ‘कम’. रामबागेतल्या पोराचं ‘ही डिडंट केम’ हे म्हणून निव्वळ ‘चुकलं’ नव्हे. त्याने भूतकाळ दोनदा मोजला, एकदा बाहेर आणि एकदा पोटात. ‘यू आर फ्रॉम राजेंद्रनगर, इजंट इट?’ यामागेही तेच. आपला ‘ना’ कुठल्याही वाक्याला चालतो, इंग्रजीचं शेपूट दर वाक्याला कर्ता आणि काळ वाहणारा शब्द बघून बदलावं लागतं.

आता मुलांच्या तोंडी वर्गात एकच प्रश्न रोज असतो: ‘मे आय कम इन, मॅम?’ अदलाबदल अगदी चोख! पण तो पाठ झालेला अख्खा ठोकळा असतो, त्याचे भाग सुटे होत नाहीत. म्हणूनच तेच मूल मधल्या सुट्टीत ‘व्हाय ही इज क्राइंग?’ म्हणतं. वर्षभर शेकडो इंग्रजी प्रश्न कानावर पडतात, विचारायचे मात्र नसतातच.

सुट्टीत चुलत-मावस भावंडं जमली की शाळा-शाळा खेळतात, तो खेळ लक्ष देऊन ऐका. मॅम झालेली पोरगी फूटपट्टी घेऊन ‘व्हॉट इज युअर नेम? व्हेअर इज युअर होमवर्क?’ असा सपाटा लावते, शब्दक्रम बिनचूक, वर ‘व्हेरी गुड’ची खैरात. ‘ओके, नाऊ’ म्हणत नवा विषयही काढते. सिंक्लेअर-कूलथर्ड यांनी पाठाचे टप्पे पाडणारे म्हणून नोंदवलेल्या शब्दांत हे दोन्ही आहेत. साचा कुणी न शिकवता तिला कळलेला असतो. खुर्ची मिळाली की भाषा येते.

ती खुर्ची वर्गात पाळीपाळीने द्यायला फार खटाटोप लागत नाही. एकाने पिशवीत काहीतरी लपवायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं: ‘इज इट रेड?’, ‘डज इट हॅव व्हील्स?’, ‘डिड यू ब्रिंग इट फ्रॉम होम?’ उत्तर मॅमनाही ठाऊक नसतं, त्यामुळे प्रश्न खरे होतात आणि शेरा मारायचा हक्क पिशवीवाल्याकडे जातो. कुणी ‘इट इज रेड?’ म्हणालं तर मॅमनी व्याकरण न काढता ‘इज इट रेड?’ एवढं नुसतं परत म्हणायचं.

गोंगाट होतो, हे कबूल. पण त्या गोंगाटात शेजारच्या वर्गातून येऊन कुणी ‘हू इज टॉकिंग?’ विचारलं, तर नियमाप्रमाणे तो खरोखरचा प्रश्न ठरतो. बोलायला मनाईच नाही म्हटल्यावर एखादं पोर बेधडक नावं सांगायला लागेल.