हरवलेली मैफल आणि हेडचा स्क्रू

जुन्या जॅझ मैफलीची टेप सापडल्याची आणि ती संग्राहकांसाठी रेकॉर्डच्या रूपाने पुन्हा येत असल्याची बातमी आली की, संगणकाने त्या टेपला नवसंजीवनी दिली, असे एखादे वाक्य तिच्यात हल्ली हमखास असते. संगणकाचे काम मोठे आहे, हे खरेच. परंतु त्याची पाळी येण्यापूर्वीच अशा मुद्रणाचे निम्मे भवितव्य ठरून गेलेले असते, आणि ते ठरवणारे हत्यार म्हणजे एक बारीक स्क्रू ड्रायव्हर.

उदाहरण म्हणून पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील मैफल घेऊ. 29 नोव्हेंबर 1957 रोजी ती व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने मुद्रित केली. या दोघांचा सहवास काही महिन्यांचाच आणि त्याचे स्टुडिओतील मुद्रण अगदी थोडे, त्यामुळे या जोडीविषयी जाणकारांना वाचायला पुष्कळ आणि ऐकायला जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती होती. 2005 च्या आरंभी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये डिजिटल प्रतींसाठी जुन्या टेप काढल्या जात असताना तेथील लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती ही टेप लागली आणि त्याच वर्षी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने ती प्रसिद्ध केली. मुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचे आहे आणि अतिशय स्वच्छ आहे.

टेपवर आवाज म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचे चुंबकत्व. मुद्रण करणाऱ्या हेडमध्ये, म्हणजे टेपला टेकणाऱ्या छोट्या विद्युतचुंबकात, एक अतिसूक्ष्म उभी फट असते आणि तिच्यासमोरून टेप सरकत असताना आवाजाच्या कंपनांनुसार टेपवर आडवे चुंबकीय पट्टे उमटत जातात. स्टुडिओत रूढ असलेल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 15 इंच किंवा 38 सेंटिमीटर टेप धावत असेल, तर सेकंदाला 10,000 कंपनांच्या स्वराची एक संपूर्ण लहर टेपवर केवळ 38 मायक्रोमीटर जागा घेते. हा पट्टा बारीक असला तरी त्याची लांबी मात्र टेपच्या रुंदीइतकी असते. पूर्ण रुंदी वापरणाऱ्या मोनो टेपवर ती पाव इंच, म्हणजे सुमारे 6.3 मिलिमीटर भरते.

आता ही टेप वाचणाऱ्या हेडची फट किंचित कलली आहे, असे समजा. फटीचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा बरोबर 38 मायक्रोमीटर पुढे गेले, तर ती फट एकाच क्षणी त्या लहरीचा प्रत्येक भाग वाचते; चढाव आणि उतार परस्परांना खोडून काढतात आणि त्या स्वराचा बाहेर येणारा आवाज शून्य होतो. हा कल किती अंशांचा? 38 भागिले 6,300, म्हणजे सुमारे 0.006 रेडियन, अर्थात अंशाचा जेमतेम एक तृतीयांश. त्याच कलाने 5,000 कंपनांच्या स्वराची पातळी दोन तृतीयांशाच्याही थोडी खाली उतरते आणि 500 कंपनांच्या आसपासच्या स्वराला जवळजवळ धक्काही लागत नाही. परिणामी सॅक्सोफोन बव्हंशी शाबूत राहतो, पण ड्रमवरील झांजांची किणकिण नाहीशी होते, आणि ऐकणारा म्हणतो की टेप जुनी झाली.

कॅसेटच्या काळात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस गाणे चालू ठेवून हेडजवळचा स्क्रू इकडेतिकडे फिरवत असे आणि आवाज एकदम उघडत असे. तो याच कोनाशी खेळत होता. या कोनाला तंत्रज्ञ ॲझिमथ म्हणतात. पुनरुद्धारात हेच काम अधिक काटेकोरपणे होते. मोनो टेप मुद्दाम दोन ट्रॅकच्या हेडने वाचतात. वरच्या आणि खालच्या भागातून येणारे संदेश एकसारखे असायला हवेत, म्हणून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत संदेश पडद्यावर रेखाटणाऱ्या यंत्रावर, एक संदेश आडव्या आणि दुसरा उभ्या अक्षावर दिला, की कोन जुळताच 45 अंशांची तिरकी रेषा दिसते, आणि कोन चुकला की तिची लंबवर्तुळे होतात. मात्र उच्च स्वरावर दोन संदेशांतील अंतर पूर्ण एका लहरीइतके असले तरी रेषा सरळच दिसते, म्हणून आधी खालच्या स्वरावर जुळणी करून मगच वर जावे लागते. शिवाय योग्य कोन म्हणजे काटकोनच, असेही नाही. मुद्रणाच्या दिवशी त्या यंत्राचे हेड जेवढे कललेले होते, तेवढाच कल आज द्यावा लागतो.

येथे चूक झाली, तर पुढे ती भरून निघत नाही. जी लहर वाचलीच गेली नाही, ती संगणकात वाढवायला गेल्यास फक्त टेपची खरखर वाढते. आणि सॉफ्टवेअरने झांजेचा आवाज स्वतः रचला, तर तो कितीही गोड असला तरी 1957 सालचा नव्हे. आपण ‘पुनर्जन्म’ हा शब्द फार स्वस्त केला आहे. संगणक सारे परत आणतो, ही एक अंधश्रद्धा; दुसरी संग्राहकांची, की डिजिटल टप्पा आला की संगीताचा आत्मा निघून जातो. 2022 साली मोबाईल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीने आपल्या अनेक रेकॉर्डी डिजिटल टप्प्यातून जात असल्याचे मान्य केले, तेव्हा शुद्ध ॲनालॉग, म्हणजे कुठेही अंकांत न बदललेल्या, समजून त्या वर्षानुवर्षे वाखाणणाऱ्यांची पंचाईत झाली.

विशेष म्हणजे टेपवर वाचवलेल्या बारीक लहरींना रेकॉर्डवरही तीच अडचण येते. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या 12 इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच जाते, तर शेवटच्या खाचांपाशी जेमतेम 21. म्हणजे 10,000 कंपनांची तीच लहर आरंभी 51 मायक्रोमीटरची असते आणि शेवटी 21 मायक्रोमीटरमध्ये कोंबली जाते. सुईचे टोक तिच्या वळणांत नीट शिरत नाही आणि झांज चरचरू लागते. वेग वाढवून 45 फेऱ्या केल्या, तर आतल्या खाचांनाही सेकंदाला सुमारे 28 सेंटिमीटर मिळतात, पण एका बाजूवर मावणारी मिनिटे घटतात. सुमारे 51 मिनिटांची कार्नेगी हॉलची मैफल अशा रीतीने तबकडीवर कोरायची, तर एका तबकडीऐवजी दोन लागतील, आणि ऐकणाऱ्याला तीनदा उठून बाजू बदलावी लागेल.