वरची आच: घरच्या केकमागचा ओटीजी

ओटीजीत, म्हणजे वर आणि खाली तापणारे रॉड असलेल्या विजेच्या लहान ओव्हनमध्ये, केक करणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. एक, वरून करपला आणि आत कच्चा राहिला. दोन, फुलला छान, पण वरून पांढराफटक. सोडा जास्त झाला, मैदा चाळला नाही, अंडी थंड होती असे नाना दोष काढले जातात. मात्र या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: केकला वरून किती आच मिळाली. घरगुती बेकिंगचा आपल्याकडचा सगळा प्रवास या वरच्या आचेभोवतीच फिरलेला आहे, म्हणून ही टिपण.

फार मागे जायची गरज नाही, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. चौकोनी पेटी घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात तवशाचं धोंडस व्हायचं. जाड बुडाच्या पातेल्यात रवा, गूळ आणि किसलेली काकडी, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. सीकेपी घरांतलं भानोलंही याच रीतीचं. गोव्यातल्या बेबिंकचं तर काम मुख्यतः वरूनच चालतं: एक थर ओतायचा, वर निखारे ठेवून तो भाजायचा, मग पुढचा थर. म्हणजे आज ज्याला ‘वरचा रॉड’ म्हणतात ते काम आपल्याकडे झाकणावरचे निखारे करत होते. चुली गेल्या, रॉकेलचे स्टोव्ह आणि नंतर गॅस आला, तेव्हा स्वयंपाकघरातून धूर गेला आणि त्याबरोबर वरची आचही गेली. गॅसच्या शेगडीला फक्त खालची बाजू असते. ही उणीव पुढची तीस-चाळीस वर्षं कुणाच्या फारशी ध्यानात आली नाही, कारण आपला रोजचा स्वयंपाक खालच्या आचेवर भागतो.

अडायचं ते दिवाळीत नानकटाईला. त्यावर उपाय होता बेकरीचा. मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून घरातली मोठी माणसं बेकरीत जायची, तिथेच फेसून गोळे करायचे, बेकरीवाल्याच्या काळ्या पत्र्यांवर मांडायचे आणि किलोच्या हिशोबाने भाजणावळ देऊन डबे भरून परत यायचं. रांग मोठी असे. आपला पत्रा कुठला हे ओळखता यावं म्हणून गोळ्यांवर चारोळी किंवा वेलदोड्याचा दाणा दाबायची युक्ती आमच्या आत्याची. शेजारणीनेही चारोळीच दाबली त्या वर्षी काय गोंधळ झाला, ते इथे सांगत नाही. मुद्दा असा की भट्टी ही गावाची होती, घराची नव्हती.

घरात केक आला तो कुकरमधून. तळाशी वाळू किंवा मीठ, त्यावर जाळी, त्यावर डबा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, पाणी घालायचं नाही, आधी दहा मिनिटं तापवायचा. हे तंत्र हुशारीचं होतं यात शंका नाही. मात्र त्यात आच खालूनच लागे, वर फक्त कोंडलेली गरम हवा. त्यामुळे कुकरचा केक तळाला खरपूस आणि माथ्याला फिका, थोडासा ओलसर निघे. म्हणूनच त्या पिढीत केक ताटलीत उलटा काढून तळाची तांबूस बाजू वर ठेवायची पद्धत पडली. कित्येक घरांत ती अजून चालू आहे, कारण विसरलं तरी. कोरडा तापवून कुकरचा तळ वाकायचा, हा त्यातला दुसरा खर्च.

यानंतर, आणि काही घरांत याच सुमारास, गोल ओव्हन आला. ॲल्युमिनियमचा, झाकणाला छोटी काचेची खिडकी असलेला, इस्त्रीसारखी वायर लावायचा. आमच्याकडच्याला तापमानाचा आकडा नव्हता. चालू किंवा बंद, एवढंच. अंदाज हाताने घ्यायचा: झाकण उचलून तळवा धरायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरवला नाही तर ओव्हन तापला. तरीही बेकरीची रांग सुटली, हे महत्त्वाचं.

चौकोनी, काचेच्या दाराचा, वर आणि खाली रॉड असलेला लहान ओव्हन ही मूळची अमेरिकन चीज. टोस्ट भाजता भाजता छोटंमोठं बेकिंगही करील असं ओट्यावरचं यंत्र तिथल्या एका मोठ्या कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलं आणि ते चाललं. तिथे बहुतेक घरांत मोठा ओव्हन आधीपासूनच होता. दोन पावांसाठी तो अवजड ओव्हन तापवायला नको, म्हणून हा लहान. आपल्याकडे हिशोब अगदी उलटा. मोठा ओव्हन कधी नव्हताच, त्यामुळे १९८० आणि ९० च्या दशकांत हा लहान ओव्हन आला तो थेट मुख्य ओव्हन म्हणून. टोस्टसाठी आपल्याकडे तवा होता आणि आहे.

नावांचा गुंता इथूनच सुरू होतो, त्याला थोडी जागा द्यावी लागेल.

अमेरिकेत याला टोस्टर ओव्हन म्हणतात, म्हणजे मुळात टोस्टर, जो ओव्हनचंही काम करतो. जपानात ओव्हन टोस्टर. भारतात ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर या तिघांची आद्याक्षरं घेऊन ओटीजी झालं. आणि तीन कामं सांगणाऱ्या या नावाने चौथी गोष्ट झाकली: ही तीन वेगळी यंत्रं नसून दोन रॉड आणि एक खटका आहे. खालचा रॉड, वरचा रॉड, किंवा दोन्ही. ग्रिल म्हणजे वरचा. हे ज्याला कळलं त्याला ओटीजी कळला. नाव मात्र ते सांगत नाही.

२००० नंतरच्या दशकात बेकिंगची सोय असलेले मायक्रोवेव्ह मध्यमवर्गीय घरांत शिरले, त्यांच्यावर ‘कन्व्हेक्शन’ लिहिलेलं असे. या शब्दाचा अर्थ पंख्याने फिरवलेली गरम हवा, बास. पण आपल्याकडे ‘कन्व्हेक्शन’ हे त्या यंत्राचंच नाव होऊन बसलं. ‘आमच्याकडे कन्व्हेक्शन आहे’ म्हणजे केक होणारा मायक्रोवेव्ह आहे. पुढे ओटीजीमध्येही पंखा आला, आणि त्यांच्या खोक्यावरही तोच शब्द छापला गेला. मग दुकानात ‘कन्व्हेक्शनवाला ओटीजी’ मागणारे आणि ‘ओटीजी की कन्व्हेक्शन?’ विचारणारे एकाच काउंटरवर उभे. आणि या दोन्हींना, शिवाय गोल ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही, घरात सरसकट ‘ओव्हन’च म्हणायचं.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर सोडून दिला असता. पण पाककृती याच शब्दांत लिहिल्या जातात. ‘ओव्हन १८० अंशांना तापवून ३५ मिनिटं भाजा’ हे वाक्य मराठीत इतक्या ठिकाणी छापलंय की ते श्लोकासारखं पाठ झालंय. कुठला ओव्हन, हे त्यात नसतं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तापलेली हवा पंख्याने सगळीकडे फिरते आणि काचेची थाळी गोल फिरते, त्यामुळे केकला आच चहूबाजूंनी सारखी लागते. साध्या ओटीजीत पंखा नसला, तर केक भाजतो तो बराचसा लाल झालेल्या रॉडच्या थेट धगीने. नऊ-दहा लिटरच्या लहान ओटीजीत डब्याची कड आणि वरचा रॉड यांच्यात चार बोटंही जागा उरत नाही. केक फुगून वर येतो तो थेट धगीच्या तोंडाशी. माथा दहा-पंधरा मिनिटांत तपकिरी होऊन त्याची पापडी धरते, आत पीठ अजून फुलायचं असतं, ते पापडी फोडून बाहेर येतं. मधोमध भेग पडलेला, कडू माथ्याचा केक असा तयार होतो, आणि पाककृती तर ‘तंतोतंत’ पाळलेली असते.

म्हणूनच खालचा रॉड की दोन्ही, हा वाद पेटला आणि विझायला तयार नाही. माहितीपुस्तिका बहुधा ‘बेकिंगसाठी दोन्ही’ म्हणतात. क्लासवाल्या काकू पहिल्या दिवशीच पुस्तिका बाजूला ठेवायला लावतात आणि ‘केकला फक्त खालचा’ असं वहीत लिहून देतात. मला विचाराल तर काकूंच्या बाजूने माप थोडं जड आहे, निदान वीस लिटरच्या आतल्या ओटीजीपुरतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी लहान-मोठ्या सगळ्या आकारांना एकच वाक्य लावलं. अर्थात नुसत्या खालच्या रॉडवर केक पुन्हा कुकरसारखा पांढरा निघतो, हेही खरं. त्यामुळे मधला मार्ग रूढ झाला: आधी दोन्ही रॉड लावून दहा मिनिटं तापवायचा, केक आत गेला की खालचाच ठेवायचा, शेवटी पाच मिनिटं वरचा. किंवा दोन्ही चालू ठेवून वीस मिनिटांनी माथ्यावर फॉइल सैलसर झाकायची. मोठ्या, तीस लिटरच्या आसपासच्या ओटीजीत मधल्या किंवा खालच्या खाचेत जाळी ठेवली तर दोन्ही रॉड बिनदिक्कत चालतात. तिथे पुस्तिकेचं बरोबर ठरतं.

याला अंड्याच्या प्रश्नाची फोडणी आहे. आपल्याकडे घरगुती केक मोठ्या प्रमाणावर बिनअंड्याचा झाला तो कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर. त्यातली साखर आणि दूध दोन्ही लवकर तांबूस होतात. त्यामुळे अंड्याच्या केकपेक्षा हा केक वरच्या रॉडला लवकर बळी पडतो. बिनअंड्याच्या पाककृतीत १६० किंवा १७० अंश लिहिलेलं दिसतं, त्यामागे हे एक कारण आहे. तरीही ती अंड्याच्या केकवरून बेतलेली असली की १८० चा आकडा तसाच राहून जातो.

आकड्यांवर फार विसंबू नये, हेही ओघाने आलं. गोल बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० असेलच असं नाही. स्वस्त थर्मोस्टॅट पत्र्याच्या पट्टीवर चालतो: तापला की रॉड बंद, निवला की चालू. मधल्या काळात तापमान वर-खाली हिंदकळतं. आत टांगायचा छोटा थर्मामीटर घेतल्यावर आमच्या ओटीजीत पंचवीस अंशांची तफावत निघाली. चार वर्षं मी बेकिंग पावडरला दोष देत होते.

वीज हा आणखी एक धागा. १२०० वॅटचा ओटीजी भिंतीतल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर कसाबसा बसतो, १५००-१६०० वॅटच्या मोठ्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा पॉइंट लागतो. जुन्या चाळी आणि वाड्यांत तो गिझरपुरताच असे. ओटीजी कित्येकांकडे बेडरूममध्ये का सापडतो, त्याचं उत्तर हेच. त्यातच २००५ नंतरची काही वर्षं राज्यात भारनियमनाची होती. अर्धा फुगलेला केक आणि गेलेली वीज, हा अनुभव तालुक्याच्या गावांतल्या बायकांना वेगळा सांगायला नको. तो केक परत फुगत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून त्याप्रमाणे वाढदिवसाचा केक करणाऱ्या वहिनी मी पाहिल्या आहेत. कुकर हद्दपार झाला नाही याला हेही कारण होतं.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडर वर्षाला ६ वर आले. जानेवारी २०१३ मध्ये ते ९ झाले, २०१४ मध्ये १२. या दीड वर्षात घराघरांत गॅसचा हिशोब सुरू झाला, आणि पाऊण तास कोरडा कुकर तापवणं चैन वाटू लागली. १२०० वॅटचा ओटीजी पाऊण तास सलग जळला तरी एका युनिटच्या आतच राहतो, थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद होत असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. हे गणित तेव्हा बऱ्याच जणींनी कागदावर मांडलं.

आणि २०२०. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, बऱ्याच बेकऱ्या बंद, वाढदिवस मात्र थांबत नाहीत. यीस्ट आणि बेकिंग पावडर दुकानांतून गायब झाली, ओटीजीची मागणी वाढली. त्यातून सोसायटीपुरते केक करून विकणाऱ्या घरगुती बेकर्सची मोठी फळी उभी राहिली. त्यातल्या कितीजणींना हे ठाऊक होतं कोण जाणे, पण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून केक विकायलाही नोंदणी लागते. १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तेव्हा ती वर्षाला १०० रुपयांत मिळत होती. ऑर्डरी वाढल्या तशी वरच्या रॉडची अडचण नव्याने समोर आली. एका वेळी सात इंची दोन डबे ठेवले की मागचा करपतो आणि दाराकडचा फिका राहतो, म्हणून अर्ध्या वेळेला डबे फिरवायचे. हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं, त्या फळीनेच एकमेकींना शिकवलं.

अलीकडे एअर फ्रायरची भर पडली आहे. हे यंत्र युरोपात २०१० मध्ये आलं. त्यात रॉड वर आणि पंखा जोरदार, म्हणजे पुन्हा वरचीच आच, तीही वाऱ्यासकट. आता ‘एअर फ्रायर ओव्हन’ नावाच्या चौकोनी पेट्या मिळतात, आणि ‘ओव्हन १८० ला तापवा’ या वाक्यात आणखी एक उमेदवार उभा राहिला आहे. त्यात केक करायचा तर १५०-१६० पासून सुरुवात करावी आणि फॉइल डब्याच्या कडेला घट्ट दाबावी, नाहीतर पंखा ती उडवून रॉडला चिकटवतो.

धोंडस मात्र ओटीजीत सुरेख होतं. खालच्या रॉडवर ४० मिनिटं, आणि कडा सुटू लागल्या की सात-आठ मिनिटं वरचा रॉड, निखाऱ्यांच्या जागी.